यंत्र चालू आहे हे कळणार कसं?

आमच्या मंडळींनी सहा वर्षांत नाटकं केली चार. चारही पाऊण तासाची, चारही मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात, आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात. म्हणजे प्रेक्षकांना कडकडून भूक लागलेली असताना. पण त्या चार नाटकांवरून जमलेले किस्से किती, ते विचारू नका. कुणाच्याही घरी जेवायला बसलो की एकजण म्हणतो, "तो फ्रिजचा सांग ना," आणि मग पोळ्या गार होतात. नाटक एकदा होऊन संपतं, किस्सा मात्र दर जेवणाला थोडा वाढतो. मी प्रॉम्प्टर असल्यामुळे मला सगळ्यांची वाक्यं पाठ असतात, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आधी माणसं सांगते. आम्ही श्टुटगार्टच्या पश्चिमेला, गेर्लिंगेनच्या आसपास राहतो. मी आणि सुधीर एकाच कंपनीत, एकाच लॅबमध्ये, शेजारशेजारच्या टेस्ट बेंचवर. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारे सेन्सर आम्ही तपासतो. सुधीरची बायको अश्विनी सॉफ्टवेअरमध्ये, आणि नाटक लिहिणारी, बसवणारीही तीच. त्यांची मुलगी इरा नऊ वर्षांची. आणि प्रशांत, नागपूरचा, फिजिक्समध्ये डॉक्टरेट, इथल्या एका संशोधन संस्थेत आहे.

नाटकं विज्ञानाचीच का, तर मंडळाचे अध्यक्ष पहिल्या वर्षी म्हणाले होते, "तुम्ही सगळे सायन्सवाले, तुम्हाला सोपं जाईल." बिचारे अजून ते वाक्य आठवून कान पकडतात.

*

पहिलं नाटक होतं कालयंत्राचं. अश्विनीने हौसेनं लिहिलं, शनिवारी दुपारी वाचायला बसलो. दुसऱ्याच पानावर शास्त्रज्ञ म्हणतो, "हे यंत्र आपल्याला शंभर वर्षं पुढे नेईल."

प्रशांतने हात वर केला. ऊर्जा कुठून येते?

अश्विनी म्हणाली, बॅटरीतून. केवढी बॅटरी? मोठी. मोठी म्हणजे किती? सुधीरने लॅपटॉप उघडला आणि शंकांचा एक्सेल तक्ता सुरू केला, त्यात एक रकाना "जबाबदार व्यक्ती" असाही होता. पुढच्या शनिवारी प्रशांतने काढलं की शंभर वर्षांत पृथ्वी केवढी तरी सरकलेली असणार, म्हणजे यंत्र थेट मोकळ्या अंतराळात जाऊन पडेल. त्यावर दोन तास गेले. तिसऱ्या शनिवारी अश्विनीने कागद मिटले आणि शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. यंत्र बंद पडलेलं आहे. दोघं ते दुरुस्त करतायत. बास."

तेच नाटक आम्ही केलं. दोन माणसं पाऊण तास बंद पडलेलं कालयंत्र दुरुस्त करतात. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक रांगेने स्टेजवर आले. मला वाटलं अभिनंदन करायला येतायत. ते सगळे इंजिनियर होते, आणि आधी फ्यूज का नाही बघितला, हे विचारायला आले होते.

*

दुसऱ्या वर्षी मनातलं ओळखणाऱ्या यंत्राचं नाटक होतं. या वेळी यंत्र सुधीरने बनवलं. तीन शनिवार-रविवार खपून. करड्या रंगाची उंच पेटी, कडा सरळ, एक स्क्रू बाहेर दिसत नाही, आणि वरच्या कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा एलईडी. आत त्याने खरोखर वायरिंग केलं होतं, लेबलं लावली होती. ती पेटी जर्मन कंपनीने विकायला काढली असती तर खपली असती.

नाटक रंगलं. नायकाच्या मनातलं सगळं यंत्राने ओळखलं, नायिका रडली, शेवटचा संवाद झाला. टाळ्यांच्या आधी जी शांतता असते त्या शांततेत पहिल्या रांगेतल्या एक काकू, मुलाकडे सुट्टीला आलेल्या, शेजारणीला म्हणाल्या, "सगळं छान झालं गं, पण तो फ्रिज शेवटपर्यंत उघडलाच नाही."

सुधीर सहा महिने कोणाशी यंत्र या विषयावर बोलला नाही.

*

प्रशांतचा किस्सा नाटकातला नाही, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

प्रशांतची आई नागपूरला एकटी राहते. शाळेत शिपाई होती, त्या पगारावर तिने याला शिकवलं. तिला एकदा याचा फोटो हवा होता, "कामावरचा". याने पाठवला. टेबल, लॅपटॉप, कॉफीचा मग, हा स्वेटरमध्ये. आईचा फोन आला. हा तर बँकेतला फोटो वाटतो म्हणाली. शेजारच्या बायका विचारतात, मुलगा सायंटिस्ट आहे ना, मग कोट कुठाय त्याचा?

प्रशांत वैतागला. तो जे काम करतो ते सगळं स्क्रीनवरच्या आकड्यांचं. पण आईला कोण समजावणार? आपल्याकडच्या मालिकांमध्ये शास्त्रज्ञ म्हटला की पांढरा कोट, विस्कटलेले केस आणि काचेच्या चंबूत उकळणारं रंगीत पाणी. त्याविना तो शास्त्रज्ञच नव्हे. शेवटी एका दातांच्या डॉक्टर मैत्रिणीचा कोट आणला, माझ्या घरातून काचेचा चंबू नेला, आणि त्यात मी केलेलं कोकम सरबत ओतलं. केस विस्कटायची गरज नव्हती. अश्विनीने फोटो काढला. प्रशांत त्यात सरबताकडे असा टक लावून बघतोय, की आता जगाचं भलं होणारच.

तो फोटो आईने मोठा करून, फ्रेम करून, बाहेरच्या खोलीत लावला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती तो दाखवते. आम्ही हे सांगून खूप हसायचो. मग एकदा प्रशांत माझ्याकडे जेवायला आला असताना आईचा फोन आला. बाकी सगळी चौकशी झाल्यावर तिने विचारलं, "आणि त्या लाल औषधाचं काय झालं रे बाबू?"

प्रशांत म्हणाला, "काम चालू आहे, आई."

त्याने फोन ठेवला. मी अजून भात वाढला. दुसरं काय करणार?

*

गेल्या वर्षी जुलैमध्ये सुधीरचे वडील आले. अण्णा. कराडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आणि नोकरी सांभाळून चाळीस वर्षं हौशी नाटक मंडळींचे लाईट आणि "यंत्रं" करायचे. व्हिसा नव्वद दिवसांचा. सुधीरची आई गेल्यापासून ते एकटे असतात, त्यांना कायमचं इकडे आणावं म्हणून सुधीरने दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. बसत नाही नियमात. नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर परतीच्या तारखेभोवती इराने पेन्सिलीने गोल केला होता, आणि अश्विनीने त्यावर वाणसामानाची यादी चिकटवली होती, दिसू नये म्हणून.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी तळघरातली आमची करडी पेटी बघितली. भोवती एक चक्कर मारली. "काम झाक हाय," ते म्हणाले, "पण यंत्राला तोंड पायजे. ही चालू हाय हे माणसाला कळणार कसं?"

सुधीर म्हणाला, "अण्णा, खऱ्या यंत्रांना असे दिवे नसतात."

"नाटकात कोण खरं बघाय येतंय?"

झालं. तिसऱ्या दिवसापासून अण्णा फिरायला जाऊ लागले आणि हात भरून परत येऊ लागले. आमच्याकडे लोक नको असलेलं सामान ठरल्या दिवशी रस्त्याच्या कडेला मांडतात, श्पेरम्युल म्हणतात त्याला. अण्णांना तो खजिनाच वाटला. व्हॅक्यूम क्लीनरची नळी, पिठाची चाळण, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा, फिरणारा पंखा, रेडिओची बटणं. शेजारच्या एका जर्मन आजीबाईंनी चार दिवस पडद्याआडून हे बघितलं. पाचव्या दिवशी त्या दारात उभ्या. सुधीरला वाटलं, तक्रार. बाईंनी सलूनमधला केस वाळवायचा मोठा टोप आणला होता, आईचं सलून होतं म्हणे त्यांच्या. तो अण्णांच्या हातात दिला आणि जर्मनमध्ये सांगितलं की हा अजून गुणगुणतो. अण्णा मराठीत म्हणाले, ह्योच पायजे हुता. दोघं एकमेकांशी अर्धा तास बोलले.

*

अण्णा स्वतः किस्से सांगत नाहीत, विचारलं तरच. कराडच्या यंत्राचं आम्ही विचारलं.

गावात कोणी कॉम्प्युटर बघितला नव्हता तेव्हाची गोष्ट. एका नाटकात कॉम्प्युटर होता. अण्णांनीही बघितला नव्हता. त्यांनी तेलाचे रिकामे डबे एकावर एक रचले, पुढे जिलेटिनचे रंगीत कागद, मागे बल्ब, सायकलच्या चाकाला पट्ट्या लावून असं फिरवलं की दिवे पळाल्यासारखे दिसावेत. प्रयोग झाल्यावर एक मास्तर विंगेत आले. टोपी हातात घेऊन त्या डब्यांपुढे उभे राहिले आणि अण्णांना हळूच म्हणाले, मुलाचा दहावीचा निकाल पुढच्या आठवड्यात आहे, जरा विचारून बघता का.

आम्ही हसलो. प्रशांतने विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"चाक फिरवलं," अण्णा म्हणाले. "पास हाय म्हणालो. पोरगं आमच्याच गल्लीतलं, हुशार हुतं."

सुधीर उठून पाणी प्यायला गेला. त्याने मला मागे एकदा सांगितलं होतं, की तो इंजिनियर झाला तो त्या डब्यांमुळे. पुढे एकदा मागून वाकून बघितलं आणि आत नुसतं चाक दिसलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. खरं यंत्र करायचं, हे त्याने तेव्हा ठरवलं. वडिलांना मात्र हे कधी बोलला नाही.

*

जुलैच्या शेवटी आमच्या लॅबमध्ये कुटुंबीयांना आत सोडण्याचा दिवस असतो. वर्षातून एकदाच. सुधीर आठवडाभर आधीपासून बेंच पुसत होता. मी चेष्टा केली, मुलगी बघायला येणार आहेत का? तो हसला नाही.

त्याच्या जागी मी असते तर मीही पुसला असता. माझे बाबा पुण्याहून कधी आलेच नाहीत. आधी विमानाची भीती, मग गुडघे, मग ते गेलेच. मी नेमकं काय करते हे त्यांना नीट कळलं नाही. सोसायटीत ते सांगायचे, लेक जर्मनीत गाड्या बनवते. मी फोनवर दर वेळी दुरुस्त करायचे, अहो बाबा, गाड्या नाही, सेन्सर, आणि तेही बनवत नाही, तपासते. कशाला दुरुस्त करत होते कोण जाणे. आज त्यांनी रॉकेट बनवते म्हटलं तरी मी हो म्हणेन.

तर अण्णा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दारात सुरक्षेसाठी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते बघून मात्र खूश झाले. काहीतरी भारी असणार आत!

आत आमचा बेंच. करडं कपाट, काचेचा दरवाजा, आत बोटभर लांबीचा सेन्सर, शेजारी एक मॉनिटर आणि त्यावर सरळ रेघ. सुधीर सांगायला लागला. हा सेन्सर ब्रेकचा दाब मोजतो, आम्ही त्याला तापवतो, गोठवतो, हलवतो, तरी तो खोटं बोलतो का ते बघतो. त्याने घरी पाठ केलं असणार, कारण सेन्सर आणि ब्रेक सोडले तर त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. अण्णा मान हलवत होते आणि त्यांचे डोळे कपाटावर काहीतरी शोधत होते.

सुधीरचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आत्ता हे चालू हाय का बंद?"

"चालू आहे, अण्णा."

अण्णांनी पुन्हा एकदा बघितलं. मुलाचं काम आहे, काहीतरी चांगलं बोलायला हवं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी म्हणाले, "स्वच्छ हाय."

आमच्या विभागप्रमुख फ्राउ केलर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, वडील काय म्हणाले? सुधीरने प्रामाणिकपणे भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि त्यांना फार आनंद झाला. जर्मन माणसाला याहून मोठी पावती नाही. सुधीरने पुसलेला बेंच पुन्हा एकदा पुसला.

*

त्या वर्षीच्या, म्हणजे अण्णांच्या नाटकात इराला रोबोटचं काम होतं. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तालमीत अण्णांनी तिला रोबोट कसा बोलतो ते करून दाखवलं, एकेक शब्द तोडून, मान ताठ. इराने आजोबांकडे दयेने बघितलं. रोबोट असे बोलत नाहीत, तिने जर्मनमध्ये सांगितलं, तिच्या आईच्या फोनमधली बाई तर वर्गशिक्षिकेसारखी छान बोलते. मला भाषांतर करावं लागलं. अण्णा म्हणाले, तिला सांग, यंत्र माणसासारखं बोललं तर माणसाचं काम कुणी करायचं?

शेवटी तह झाला. इरा तिला येईल तसं मराठी बोलेल, अण्णा आवाजाचं काही म्हणणार नाहीत.

प्रयोगात ती चांदीच्या कागदात गुंडाळून उभी राहिली आणि म्हणाली, "मी. तुमची. वाट... बघत होते. तुम्ही. खूप. लांब... राहता." सगळा हॉल हसला, टाळ्या वाजल्या, रोबोटचा आवाज काय जमलाय म्हणून लोकांनी अश्विनीला दाद दिली. विंगेत मी पुस्तक धरून उभी होते आणि माझ्या शेजारी सुधीर होता. आम्हाला दोघांनाही माहीत होतं, की इरा आवाज काढत नव्हती. तिचं मराठी तसंच आहे.

*

त्याच प्रयोगातला पुढचा भाग. तो सांगितल्याशिवाय आमच्याकडे जेवण संपत नाही.

अण्णांचं यंत्र म्हणजे काय वर्णावं! डोक्यावर सलूनचा टोप, पोटात फिरणारा पंखा, सगळीकडे माळा, आणि मधोमध पिवळ्या पाटीवर मोठं लाल बटण. जॅमच्या बाटलीचं झाकण रंगवलेलं. सकाळी हॉलची देखभाल करणारा हाउसमाइस्टर तपासायला आला. त्याच्या फॉर्मवर एक रकाना होता, यंत्राचा उपयोग. त्याने प्रशांतला विचारलं, याचं काम काय? पहिल्या वर्षापासून सगळ्यांना असलेच प्रश्न विचारणाऱ्या प्रशांतने अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी मला विचारलं, काय म्हणतोय. मग म्हणाले, सांग त्याला, लोकांनी बघायचं, एवढंच काम. मी सांगितलं. हाउसमाइस्टरने थोडा विचार केला आणि सही केली.

नाटकाचा शेवट असा होता, की शास्त्रज्ञ झालेला प्रशांत ते लाल बटण दाबतो, त्याच क्षणी अण्णा विंगेतून स्विच लावतात, सगळे दिवे पेटतात, टोप गुणगुणायला लागतो आणि भविष्यकाळ सुरू होतो. प्रशांतने बटण दाबलं. आणि सगळं बंद. दिवे, पंखा, टोप काहीच सुरू झालं नाही, उलट स्टेजवरचे लाईटसुद्धा गेले. गुडुप अंधार.

झालं होतं असं. सकाळी सुधीरने ते झाकण बघितलं होतं. पिवळ्यावर लाल बटण म्हणजे आमच्या धंद्यात एकच गोष्ट, धोका झाला तर सगळं थांबवायचं बटण. आणि ते खोटं ठेवणं त्याच्याच्याने होईना. लॅबमध्ये अशी खोटी बटणं असती तर माणसं मेली असती. त्याने झाकण काढलं, खरं बटण बसवलं, नियमाप्रमाणे सगळी वीज त्यातून नेली, आणि हे कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही. त्याच्या मते ते बघताक्षणी कळत होतं.

अंधारात इराचा आवाज आला, तिच्या स्वतःच्या, भरभर जर्मनमध्ये. "पापा, डेअर इस्ट या एष्ट." म्हणजे बाबा, हे तर खरं आहे.

आता नाटक पडलं, असं मी मनात म्हणते तोवर स्टेजवर काहीतरी हललं. अण्णांनी खिशातला टॉर्च लावला होता. दुसऱ्या हातात पिठाची चाळण. टॉर्चपुढे ती त्यांनी सावकाश फिरवायला सुरुवात केली, आणि हॉलच्या छतावर, भिंतींवर, लोकांच्या अंगावर हजार ठिपके फिरू लागले. दोनशे माणसं, त्यातले दीडशे इंजिनियर, मान वर करून बघत होते. जेवणाची आठवण कुणाला राहिली नाही. प्रशांत पुढचं वाक्य विसरला आणि मीही ते सांगितलं नाही.

नंतर लोक सुधीरला गाठून विचारत होते, प्रोजेक्टर कुठला वापरलात? सुधीर वडिलांची माफी मागायला गेला. अण्णा यंत्रापुढे बसून ते बटण दाबून बघत होते. "बटण चांगलं हाय," ते म्हणाले. "दाबलं की बंद म्हंजे बंद."

हे वाक्य सुधीरने त्या आठवड्यात मला तीन वेळा सांगितलं.

*

आणि आता शेवटचा. हा आम्ही जेवताना सांगत नाही.

ऑक्टोबरमधला शुक्रवार, नव्वदावा दिवस. संध्याकाळचं विमान, फ्रँकफुर्टहून. गाडी मी चालवणार होते, कारण सुधीर म्हणाला, आज माझं लक्ष लागणार नाही. इराला शाळेत जाण्याआधीच आजोबांनी जवळ घेतलं होतं, अश्विनीने दारातूनच निरोप दिला. बॅगा ठेवल्या, पट्टे लावले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "जाता जाता तुझं ते एकदा दावशील का?"

सुधीरने वळून बघितलं. लॅब रस्त्यातच होती. मी काही न विचारता गाडी वळवली.

फ्राउ केलरनी पाहुण्याच्या पासवर सही केली. कॅमेऱ्यावर स्टिकर. सुधीरने बेंचपुढे खुर्ची ठेवली आणि अण्णा तिच्यावर बसले, पाठ टेकवली नाही, हात गुडघ्यांवर. त्यांना खुर्चीत बसून काही बघताना मी पहिल्यांदाच बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी सगळी नाटकं विंगेत उभं राहून, बाजूनेच बघितली होती.

चाचणी पस्तीस मिनिटांची. सुधीरने नवा सेन्सर आत ठेवला, दार लावलं, सुरू केलं. या वेळी त्याने काहीच समजावलं नाही. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "रेघ सरळ राहिली म्हंजे चांगलं का?"

"हो."

कपाट तापलं, निवलं. रेघ सरळ. पुन्हा तापलं. अण्णा तिच्यावरून नजर काढत नव्हते. गोठवण्याच्या टप्प्यात, विसाव्या मिनिटाला, रेघ केसभर थरथरली. अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सुधीर तिकडे बघतच नव्हता, तो अण्णांकडे बघत होता. रेघ पुन्हा सरळ झाली आणि अण्णांनी श्वास सोडला. मलाही तेव्हा कळलं, की मी तो धरून ठेवला होता. हे काम मी अकरा वर्षं करतेय.

पस्तीस मिनिटं झाली. मॉनिटरवर खाली एक शब्द आला, पास झाल्याचा. सुधीर म्हणाला, "झालं."

फ्राउ केलर दारात येऊन हळूच म्हणाल्या, वाल्डॉर्फच्या चौकाजवळ मोठा श्टाऊ, म्हणजे गाड्यांची कोंडी आहे, रेडिओवर सांगतायत, तुम्ही आता निघालं पाहिजे. सुधीरने अण्णांचं जाकीट उचललं. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते.

अण्णा उठले नाहीत. मॉनिटरकडेच बघत म्हणाले, "परत एकदा लाव."

सुधीरने माझ्याकडे बघितलं. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुसरी खुर्ची ओढली.